भर आषाढातली विस्तवबंदी

उन्हाळ्यात आमच्या नारायण पेठेत गवती छपरांना आग लागली, तेव्हा सरकारातून कोतवालांना आज्ञा झाली, आगीचा योग्य तो बंदोबस्त करावा. योग्य म्हणजे काय, ते सांगायचे सरकारला सुचले नाही. कोतवालांनी ते काम पेठेच्या अंमलदारांवर सोपवले, अंमलदारांनी नाक्यावरच्या प्याद्यावर. प्याद्याच्या खाली कोणीच नव्हते, म्हणून कायदा त्याने केला. सूर्य वर असेपर्यंत कोणाच्याही घरात विस्तव दिसता कामा नये.

उन्हाळाभर आम्ही पहाटे रांधून दिवसभर गार अन्न खाल्ले. कुरकुरलो, पण चालवून घेतले. मग पाऊस लागला, छपरे चिंब झाली, भिंतींना ओल चढली, तरी मनाई उठली नाही. भर आषाढात माझी बायको बाळंत झाली. तिला सारखी हुडहुडी भरे. आईने बाजेखाली शेगडी ठेवली, पण सर्दावलेल्या गोवऱ्यांचा धूर काही लपत नाही. प्यादा आला आणि तांब्याभर पाणी ओतून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच.

मी त्याला विनवले. तो म्हणाला, वरचा हुकूम आहे. अंमलदार म्हणाले, कोतवालांना विचारा. कोतवालीत सांगितले, असा हुकूम आम्ही दिलेलाच नाही, मग मागे काय घ्यायचा? शेवटी सरकारवाड्यात गेलो. तिथल्या कारकुनाने आदराने बसवून घेतले.

"अहो, अखत्यार कोतवालांना दिला आहे. आता त्यात सरकारने कसे पडावे?"

माझे डोके भणाणले. हुकूम बजावायला माणसे नेमावीत, हे मला कळते. पण हुकूम घडवायचे कामच खाली ढकलायचे आणि वरच्यांनी हात झटकायचे, याला राज्य म्हणत असतील तर म्हणोत. मी त्याला तसे तोंडावर बोललो. त्याने मला पान देऊ केले.

घरी आलो तर शेगडी पुन्हा विझलेली. आई एका हाताने बाळाला धरून दुसऱ्या हाताने बायकोचे गार तळवे चोळत होती. दिवस मावळायच्या आत बायको गेली.

तिच्यापुढे न्यायचा विस्तव मी उजेड असतानाच अंगणात मडक्यात पेटवायला घेतला, तोच प्यादा दारात आला. त्याने पाण्याला हात घातला असता तर मी त्याचा गळा धरला असता. पण तो बाजूला सरला.

"पेटवा. मयताच्या विस्तवाला मनाई नाही."

हा कायदा त्याने तिथेच, उभ्या उभ्या केला.