नववा प्रश्न

आमच्या विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात शिरलं की पहिलं टेबल ताईंचं. गेली अठरा वर्षं. विद्यार्थी असो की कर्मचारी, आधी ताईंसमोर बसायचं. त्या नऊ प्रश्न विचारून फॉर्म भरणार. झोप लागते का, भूक लागते का, असे आठ. नववा, जगणं नकोसं वाटतं का. नवव्याला ‘हो’ असेल तर माणूस त्याच क्षणी आत माझ्याकडे. ‘नाही’ असेल तर तीन आठवड्यांनंतरची तारीख.

ताई नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. रांग दाराबाहेर गेली तर त्यांना स्वतःचा अपमान वाटे. "पटापट बोला, मला म्हातारपण इथंच नाही काढायचं," असं म्हणत त्या रडवेल्या पोरांनाही हसवत. चार मिनिटांत फॉर्म हातावेगळा. नवव्याला मात्र त्यांची जीभ रेटत नसे. असं तोंडावर विचारणं त्यांना अभद्र वाटे. मग "आणि तसलं काही नाही ना?" असं पुटपुटेपर्यंत ‘नाही’वर खूण झालेलीही असे. मला हे काचेच्या दारातून रोज दिसत होतं. पण रांग आटोक्यात राहायची, वरिष्ठ खूश असायचे. वर्षअखेरीला मी ताईंचं तोंडभरून कौतुकही केलं. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रसायन विभागातले प्रयोगशाळा परिचर रोज अकराला ताईंकडे चहाला यायचे. ताई त्यांना भाऊ म्हणत. एका सोमवारी ते चहा न घेताच समोरच्या खुर्चीत बसले. बायकोनं पाठवलंय, म्हणाले.

"अगंबाई, तुम्ही पण?" ताई हसल्या आणि फॉर्म ओढला.

आठ प्रश्न झाले. नवव्याला त्यांनी मान वर केलीच नाही. "हा तुम्हाला काय विचारायचा!" म्हणाल्या आणि खूण केली. भाऊ कसंनुसं हसले. तारखेची चिठ्ठी खिशात घालून जरा वेळ दारात घुटमळले, मग गेले. संध्याकाळी मी तो फॉर्म न वाचताच सही केली.

गुरुवारी कळलं, भाऊ इस्पितळात आहेत. वेळेवर नेलं म्हणून वाचले.

आम्ही दोघी गेलो. भाऊंच्या बायकोनं लगबगीनं एकुलतं एक स्टूल पुढे केलं. "तुमच्याकडे जा म्हणून मीच मागे लागले होते. तुम्ही आलात, फार बरं वाटलं," ती म्हणाली. ताई बसल्या नाहीत. त्यांना पाहून भाऊ उठायची धडपड करू लागले.

"ताई, माफ करा. माझ्यापायी तुमचा फॉर्म चुकला. तुमच्या नोकरीवर तर येणार नाही ना? मी सांगतो वर, मीच नाही म्हणालो म्हणून."

मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. केंद्राची प्रमुख मी, चूक आमची आहे एवढं म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी उशाजवळचा पाण्याचा पेला उगाच इकडून तिकडे सरकवला.

शेवटी ताईच बोलल्या.

"तुम्ही कुठं नाही म्हणालात, भाऊ? मी तुम्हाला विचारलंच नाही."

भाऊंची बायको क्षणभर ताईंकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं ते स्टूल परत ओढून घेतलं आणि आमच्याकडे पाठ करून नवऱ्याजवळ बसली.