चार घरं पुढचा महाकाल

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्या बाईंचा आवाज अजून कानात आहे. "साहेब, ह्यांना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागतं हो. सुई घरीच राहिलीय!"

त्यांचे यजमान, उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या एका औषध दुकानाचे मालक, राम घाटावरून बेपत्ता झाले होते. पाठोपाठ खंडणीचा फोन आला. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा टी.आय., म्हणजे प्रमुख होतो. त्यांच्या ड्रायव्हरचं म्हणणं, त्यांना घाटावर सोडलं ते परत आलेच नाहीत. ढसाढसा रडत होता. पण टावर चौकातला आमचा खबरी म्हणाला, "साहब, ये ड्रायव्हर दो-दो फोन चला रहा है."

दुसरा फोन गाडीच्या सीटखाली सापडला. त्यात रोमन अक्षरांतले मेसेज, एकाचाही अर्थ लागेना. "गेम का कोड है साहब," एवढंच ड्रायव्हर घोकत राहिला. सायबर सेलची वाट बघण्याइतका वेळ त्या आजारी माणसाकडे नव्हता.

मी मेसेज कागदावर उतरवले. अक्षरं नुसती उलटसुलट केली असती, तर आपलं बोलणं रोमनमध्ये लिहिताना सगळ्यात जास्त येणारा 'ए' भरपूर दिसला असता. इथे 'ए' जवळजवळ नाहीच, 'ई'चा मात्र सुळसुळाट. म्हणजे अक्षरांची जागा नाही, अक्षरंच बदलली होती. शिवाय प्रत्येक मेसेजची सुरुवात तीच: तीन अक्षरांचा शब्द, मग सात अक्षरांचा, त्यात एकाआड एक 'ई'. अरे देवा! उज्जैनचा माणूस मेसेजमध्ये आधी काय लिहितो? जय महाकाल! 'एम'चा 'क्यू', 'ए'चा 'ई'. प्रत्येक अक्षर चार घरं पुढे सरकवलं होतं.

मी ड्रायव्हरसमोर बसलो. "चार घर पीछे मैं गिनूँ, या तू बताएगा?"

त्याचा चेहरा उतरला. "महाकाल का नाम लिए बिना कैसे शुरू करता, साहब?"

शेवटच्या मेसेजमध्ये घाटामागच्या बंद धर्मशाळेतली वरच्या खोलीचा पत्ता निघाला. दार तोडलं, तेव्हा दुकानमालक अर्धवट शुद्धीत होते.

दवाखान्यात डोळे उघडल्यावर त्यांनी माझा हात धरला. "साहेब, माझा ड्रायव्हर बरा आहे ना? त्या लोकांनी त्याला मारलं तर नाही? घरचाच आहे हो तो."

बाईंनी मान खाली घातली.

"बरा आहे," मी म्हणालो. "आमच्याकडेच आहे."

माणूस बाकी सगळं लपवतो, सवय लपवू शकत नाही, हे त्या केसनं मला शिकवलं. ड्रायव्हरची सवय मी पकडली. ह्या माणसाची विश्वास ठेवायची सवय मात्र मलाच मोडायची होती, आणि त्या दिवशी ते काही माझ्याच्यानं झालं नाही.