मोडक्या शिंगाचा फोटो

“तुमची न्हवती ती. म्हणून हाकलून दिली बघा उसाकडं,” फोनवरचा माणूस म्हणाला. मोठं काम केल्यासारखा त्याचा आवाज होता.

सकाळचे दहा वाजले होते. आमची म्हैस आदल्या संध्याकाळपासून गायब होती आणि तिचे व्यायचे दिवस भरले होते. मी विचारलं, “दिसायला कशी हुती?”

“डावं शिंग निम्म्यात मोडल्यालं. कपाळावर पांढरा ठिपका. तुमच्या म्हशीची शिंगं कशी, दोन्ही तलवारीवाणी! मी फोटू धरूनच बघितलं की तिच्या तोंडाम्होरं.”

“तीच आमची.”

“न्हाय वो मावशी. फोटू हाय की माझ्याकडं.”

फोटो माझा होता. म्हणजे मीच केलेला.

मी चौथीपर्यंत शिकले. वाचता येतं, लिहायला वेळ लागतो. पण फोनवरचं फोटोचं ॲप चालवायला लिहावं लागत नाही. बोटानं पुसायचं, बोटानं चिकटवायचं. जिला सारवता येतं तिला ते येतं. नातीनं एका दुपारी शिकवलं आणि दुसऱ्या दुपारी तीच मला विचारायला लागली.

आमच्या गल्लीत बहुतेक दारांत म्हशी आहेत. दिवाळी पाडव्याला त्यांना धुऊन, शिंगं रंगवून, मोरपिसं लावून मिरवायला नेतात. पूर्वी मिरवणूक झाली की विषय संपायचा. आता महिनाभर आधीपासून गल्लीच्या ग्रुपवर म्हशींचे फोटो पडतात आणि खरी मिरवणूक तिथंच होते. शेजारणीनं तिची म्हैस बर्फाच्या डोंगरापुढं उभी केली. ते मला बघवलं नाही. आमच्या म्हशीचं डावं शिंग एका टेम्पोच्या धक्क्यानं मोडलं होतं. मी उजवं शिंग उचललं, उलटं केलं आणि डावीकडं चिकटवलं. कपाळावरचा ठिपका पुसला. अंग काळं केलं. मागं कमळांचं तळं घातलं.

ग्रुपवर टाकला, तर सगळ्या गल्लीनं पसंतीचे अंगठे दिले. ती म्हैस रोज मोडकं शिंग घेऊन दारात उभी असायची, येताजाता सगळे तिला बघायचे, पण शिंग कुठून आलं असं एकानंही विचारलं नाही. एक गृहस्थ तर आमच्या दारात उभे राहून, खऱ्या म्हशीला हातानं बाजूला सारून, फोनमधल्या म्हशीचं कौतुक करून गेले. मलाही हळूहळू तीच खरी वाटायला लागली. फोन भरला तेव्हा मोडक्या शिंगाचे सगळे फोटो मी उडवले. चांगले तेवढे ठेवले.

म्हैस गेली तीही आमच्याच शिकवणीनं. मिरवणुकीसाठी म्हशींना मालकाच्या मोटारसायकलमागं पळायला शिकवतात. सायलेन्सर काढलेल्या गाडीचा फाटका आवाज आला की म्हैस मागं लागते. त्या संध्याकाळी कुणी परका माणूस तसलीच गाडी घेऊन गल्लीतून गेला आणि आमची गाभण म्हैस दावं तोडून त्याच्यामागं गेली. मालकाची गाडी ओळखायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. गाडी ओळखायला शिकवलं होतं.

नातीनं लगेच हरवल्याची जाहिरात केली. ॲपमध्ये फुकटात मिळणारी चौकट एकच होती, वाढदिवसाची. फुगे, झालर, वर मुकुट. मध्ये आमची म्हैस, दोन्ही शिंगं तलवारीसारखी, आणि खाली बारीक अक्षरात ‘हरवली आहे’ आणि माझा नंबर. मी म्हटलं, “ह्ये फुगं काढ.” ती म्हणाली, “आज्जी, काढायला पैसं मागतंय.”

तासाभरात शुभेच्छा यायला लागल्या. गारगोटीहून माझ्या सख्ख्या भावानं केकचं चित्र पाठवलं. कुरुंदवाडच्या पाहुण्यांनी लिहिलं, ‘वहिनीसाहेबांना दीर्घायुष्य लाभो.’ त्यांना मुकुट दिसला, म्हैस दिसली नाही. मी वहिनी कुणाची आणि वाढदिवस कुणाचा, याचा विचार करायला वेळ नव्हता. पण जाहिरात फिरत फिरत पंचगंगेपलीकडं, हातकणंगल्याच्या रस्त्यावरच्या एका मळ्यात पोहोचली. त्या मळेकऱ्यानं ती नीट वाचली, आणि नीट वाचल्यामुळंच आमची म्हैस दारातून हाकलली.

फोन चालू ठेवूनच आम्ही टेम्पोत बसलो. मुलगा चालवायला, शेजारी मी आणि नात. मागच्या हौद्यात पेंढा, दोर आणि शेजारीण. ती मदतीला म्हणून आपण होऊन चढली होती. मला घाई होती ती एवढ्यासाठी की मागच्या वेताला ही म्हैस अडली होती. अडली तर हात घालायला माणूस लागतं. उसात एकटी अडली तर आई आणि पोटातलं, दोन्ही जातात. आणि उसात शिरलेली म्हैस शोधायची तर दिवस जातो.

“तुमी तिच्या मागं जावा आन् धरून ठिवा,” मी मळेकऱ्याला म्हटलं. “आमी येतोय.”

“असं कुणीबी म्हणंल. मी काय म्हशी वाटत बसलोय व्हय? उद्या खरा मालक आला म्हंजी? मोडक्या शिंगाचा फोटू पाठवा, मग धरतो.”

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. पुलावर गाड्या अडल्या होत्या. नातीनं माझा फोन पालथा घातला. खरा असा एकच फोटो निघाला. त्यात म्हैस पाठमोरी होती. तोच पाठवला.

त्याचा फोन आला. “शेपटावरनं काय वळखू? हितं सगळ्यांची शेपटं सारखीच.”

मग मी शिंग मोडायला घेतलं. चिकटवलेलं निम्मं शिंग बोटानं पुसलं. ॲपनं स्वतःच्या अकलेनं मोकळी जागा भरून काढली आणि शिंग आधीपेक्षा वीतभर लांब केलं. पुन्हा पुसलं, पुन्हा वाढलं. कपाळावर पांढरा ठिपका दिला, तर त्याला डाग समजून ॲपनं तो साफ केला आणि म्हशीचं कातडंही उजळवलं. मुलगा म्हणाला, “आई, गोरी झाली की गं ती!”

“तू रस्ता बघ,” मी म्हटलं.

चौथ्या खेपेला जमलं. शिंग निम्मं, ठिपका जागेवर. पाठवला.

“मावशी,” मळेकरी म्हणाला, “ह्यो बनवल्याला हाय. मी बी करतो की माझ्या बैलांचं. शिंगाच्या कडंला पाणी वाकडं झालंय बघा. आदुगरचा फोटू खरा हाय, ह्यो खोटा.”

“आवो, उलटं हाय!”

“मला नगा शिकवू.”

मी फोन ठेवला. मुलगा म्हणाला, “जाणकार माणूस हाय.” त्याला एक लगावावी वाटली, पण तो गाडी चालवत होता.

तेवढ्यात मागच्या जाळीतून शेजारणीनं तोंड पुढं काढलं. “आक्का, माझ्याकडं हाय.”

“काय हाय?”

“तुमच्या म्हशीचा फोटू. खरा.”

“तुझ्याकडं कशाला?”

“पाडव्याला ग्रुपवर टाकणार हुते.”

तिनं फोन जाळीतून आत दिला. कमळांच्या तळ्यापुढं दाखवायचा म्हशीचा फोटो मी काढत होते त्याच दिवशी तिनं तिच्या खिडकीतून काढलेला. मी गुडघे टेकून, फोन डोळ्यांपुढं धरून बसलेली. समोर मोडक्या शिंगाची म्हैस, पांढरा ठिपका, मागं शेणाचा ढीग. त्याच्या शेजारी तिनं माझा तळ्यातला फोटो चिकटवला होता आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘ओळखा पाहू!’ काम चोख होतं. कडा कुठं वाकडी नव्हती.

“माझी लाज काढायला निघाली हुतीस व्हय?”

“व्हय,” ती म्हणाली. “तुमी न्हवतं का माझ्या डोंगराला हसलासा?”

हसले होते. “पाठीव,” मी म्हटलं.

हौद्यात धक्के बसत होते, तिचं बोट घसरलं आणि फोटो आधी गल्लीच्या ग्रुपवर गेला. मग मळेकऱ्याकडं. ग्रुपवर काय चाललंय ते नात बघायला लागली आणि तिनं तोंडावर हात धरला. मी फोन बघितला नाही.

मळेकऱ्याचा फोन आला. “आता पटलं. ह्या फोटूतली मावशी तुमीच का?”

“मीच.”

“मग आदुगरचा कशाला पाठवलासा?”

“शिंगं बरी दिसत हुती म्हणून.”

“दिसत हुती खरी,” तो म्हणाला. “थांबा. जातो.”

पूल सुटला. आम्ही पोहोचलो तेव्हा तो आणि त्याची बायको उसाच्या बांधावर म्हशीच्या दोन्ही बाजूंना उभे होते. ती आडवी पडली होती. एक खूर बाहेर आला होता, दुसरा आत दुमडला होता. मळेकरी म्हणाला, “अर्धा तास झाला, फुडं सरकंना.” मी पदर खोचला, त्याच्या बायकोनं कळशीभर पाणी आणि साबण दिला. कोपराच्या वरपर्यंत हात घातला. मुलानं म्हशीची मान दाबली, शेजारीण शेपूट धरून बसली आणि सारखी मला शिव्या देत होती, जोर लाव म्हणून. दुमडलेला पाय दोनदा हातातून निसटला. तिसऱ्यांदा आला. मग सगळ्यांनी मिळून ओढलं.

रेडकू बाहेर आलं. रेडी होती. श्वास घेत नव्हती. मळेकऱ्यानं तिच्या नाकात उसाचं पातं फिरवलं, मी तोंडातला चिकटा काढला आणि पाठीवर दोन थापा मारल्या. ती शिंकली. म्हैस पाऊण तासानं उठून उभी राहिली आणि तिला चाटायला लागली.

रेडी जगली. म्हैस जगली.