नळीतून कोळंबीचं कालवण

"इनको पेग लगाना पड़ेगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या केरळच्या, हिंदी बेताचंच.

मी उसळलेच. म्हटलं, कुवेतमध्ये, ह्या दारूबंदीच्या देशात पेग? आणि आमचे हे तर सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत!

त्या पोट धरून हसल्या, मग नीट समजावलं. स्ट्रोकनं, म्हणजे मेंदूच्या झटक्यानं, ह्यांचं गिळणं गेलं होतं. त्याला डिसफेजिया म्हणतात. घोटभर पाणीही ठसका लागून फुप्फुसात जायचं, त्यातूनच न्यूमोनिया झालेला. अन्नासाठी नाकातून घातलेली नळी हे सारखी उपटत होते. पेग म्हणजे पोटावर बारीक छिद्र पाडून थेट जठरात बसवलेली नळी.

खैतान भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली, नळी लागली म्हणजे माणूस संपला. संपला काय, डोंबल! अंगात बळच नसेल तर गिळण्याचे व्यायाम करणार कोण? मला ह्यांना पुन्हा तोंडानं जेवताना बघायचं होतं. मी होकार देऊन टाकला.

छिद्र पाडायला वेळ लागला नाही. भीती जायला लागला. पण तुमच्या घरी अशी वेळ आली तर घाबरू नका, हात बसतो. डोकं उंच ठेवायचं, फीड सावकाश सोडायचं, आधी आणि नंतर कोमट पाणी. आमची नळी आता निघाली, छिद्रही बुजलं.

फीड म्हणजे डब्यातल्या पावडरचं दूध. ते सोडताना मी रोज मेनू सांगायची. "आज कोळंबीचं कालवण हां." हे मान डोलवायचे. मुगाची खिचडी म्हटलं की तोंड वाकडं!

लेक वैतागायची, "आई, इट्स द सेम मिल्क!"

"तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हणायची.

वजन भरलं, व्यायाम सुरू झाले. मग एके दिवशी गिळण्याची चाचणी. इजिप्तच्या थेरपिस्टबाईंनी ह्यांच्या जिभेवर चमचाभर पाणी ठेवलं नि म्हणाल्या, "यल्ला!" म्हणजे चला, होऊ द्या. कंठ वर गेला, खाली आला. आम्ही सगळ्या ठसक्याची वाट बघत उभ्या. दुसरा चमचा. तिसरा. मग त्यांनी कपच हातात दिला, आणि ह्यांनी घोट घेतला.

ठसका लागला तो मला, रडता रडता. थांबेचना.

ह्यांनी आपला कप माझ्यापुढे धरला. जड जिभेनं म्हणाले, "सावकाश गं. एकेक घोट."