मोतीबाईच्या बेचाळीस चुली

मी रत्नपाल, गोरेगावकडचा कोतवाल. तलाठ्याची थैली उचलायची, दवंडी द्यायची, साहेब आले की मोजणीच्या टेपचं एक टोक धरायचं, ही माझी सरकारी सेवा. दुसरं टोक कोण धरतो यावर अंतर किती भरायचं ते ठरतं. हे मी शहाणपण म्हणून सांगत न्हाई, लाज वाटती म्हणून सांगतो.

१९९९ ला हिंगोली जिल्हा झाला. आमीबी पेढे खाल्ले. जिल्हा आला तसे रस्ते आले, रस्त्यामागं खडी आली, आन खडीसाठी नेमकी सापडली मोतीबाईच्या तांड्यामागची टेकडी. एका शेठनं खदान घेतली, क्रशर बसवला. दिवसातून दोनदा शिट्टी व्हायची, लाल फडकं हलायचं आन सुरुंग उडायचा. दोन उन्हाळ्यांत तांड्याची विहीर खडखडीत झाली. धर्मसिंगच्या घरावर दगड आला तो पत्रा फोडून थेट बाजेवर. धर्मसिंग ऊसतोडीला गेलेला, म्हणून वाचला. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "बघा, घरात कुणी नव्हतंच की!"

मोतीबाई सत्तरीची. अख्खा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. दिवाळी झाली की बेचाळीस घरांना कुलपं लागायची. माणसं ऊसतोडीला जायची ती होळीलाच परतायची. मागं राहायची मोतीबाई, तिची मैतरीण भिकाबाई आन दोन-चार म्हातारे. जाताना जो तो किल्ली मोतीबाईकडं द्यायचा. कमरेला एवढा मोठा जुडगा, चालली की दुरून कळायचं. दर अमावस्येला ती एकेक घर उघडून सारवायची आन चुलीत जाळ करायची. मी एकदा विचारलं, "याडी, सैपाक न्हाई, पाणी न्हाई, मंग जाळ काहून?"

"चूल गार पडली की घर मालकाला इसरतं, बाबा."

नियम असा होता की वस्तीपासून पाचशे मीटरच्या आत क्रशर नको. शेठचा परवाना संपत आला, तो आणखी पाच वर्षं वाढवायचा म्हणून भर पौषात पंचनामा निघाला. साहेब, तलाठी आन टेप घेऊन मी. मोतीबाईनं अंगणात घोंगडी टाकली, गुळाचा चहा दिला. साहेबांनी दोनदा घेतला. मंग तिथंच बसून लिहिलं: घरे कुलूपबंद, चुली थंड, मनुष्यवस्ती आढळून आली नाही. खाली पंच म्हणून मी सही ठोकली. गूळ अजून जिभेवर होता, सांगतो तुमाला!

जीप गेल्यावर मोतीबाईनं विचारलं, "काय लिवलं रे?"

मी सांगितलं. तिनं साहेबांचा रिकामा कप उचलला. "मंग चहा काय भुतानं दिला?"

मी टेप गुंडाळायला लागलो. ती म्हणाली, "पाच वर्षं सुरुंग उडले तर परत यायला तांडाच राहायचा न्हाई. बस इथं. क्रशरच्या धुळीचा अर्ज लिही." लिहिला. तोबी डाव्या हातानं, साहेबांनी अक्षर वळखू नये म्हणून. असा मी शूर.

त्या अर्जाला वर्षभरानं पाय फुटले, तवाबी तांडा उसातच होता. धूळ तपासायला बाहेरून साहेब येणार, ही खबर मीच आदल्या दिवशी तांड्यावर नेली. शेठलाबी खबर होतीच. त्याचा क्रशर सकाळपासून "दुरुस्तीला" बंद. इकडं मोतीबाईनं जुडगा काढला. अमावस्या नव्हती काय नव्हती, दोघी म्हाताऱ्यांनी बेचाळीस घरं उघडली, चुलीत तुरीच्या वाळल्या तुराट्या कोंबल्या आन पेटवून दिल्या. जीप आली तर तांडा असा धुपून राहिला की जणू गावजेवण हाय. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, एकेक चूल मोजली आन गेले.

अहवाल आला. मी वाचला आन माझं डोकंच फिरलं. तांड्यातील बेचाळीस चुलींच्या धुराने हवा दूषित होते, क्रशरची धूळ नगण्य, रहिवाशांना समज देण्यात यावी. मी म्हणालो, "याडी, वाटोळं झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"पुन्हा वाच. चुली किती?"

"बेचाळीस."

"पुढं? समज कुणाला?"

"रहिवाशांना."

"शिक्का हाय?"

"हाय. गोल."

म्हातारी खोकला येईस्तोवर हसली.

पुढच्या सोमवारी आमी हिंगोलीला मोठ्या साहेबांपुढं उभे. तिनं दोन्ही कागद टेबलावर ठेवले. "साहेब, एका कागदावर तांड्यात माणूस न्हाई. दुसऱ्यावर बेचाळीस चुली पेटून राहिल्या. दोन्हीला तुमचाच शिक्का. खोटा कोणता, तेवढं सांगा. मी अडाणी बाई."

सरकार माणूस खोटा ठरवतं, कागद खोटा ठरवायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. साहेबांनी दोन्ही उलटसुलट केले, सह्या बघितल्या आन मान वर केली. "रत्नपाल कोण?"

मी हात वर केला. नोकरी तेवढीच, घरी लेकरं. शेठचा माणूस दारात उभा राहून मलाच बघत होता.

"तू पंच होतास. तिथं वस्ती आहे की नाही?"

"हाय साहेब," मी म्हणालो. "मी त्या दिवशी तिथं चहा पिलो. साहेबांनी तर दोनदा."

क्रशर बंद पडला. मला खोटी सही केल्याबद्दल नोटीस आली, ती बराबरच होती. चहा दोनदा पिणाऱ्या साहेबांची बढती झाली. विहिरीचं पाणी काही परत आलं न्हाई, आन मोतीबाईच्या छातीत गेलेली धूळबी कुणाला काढता आली न्हाई. २००५ च्या पौषात ती गेली. तांडा उसात होता. खांद्याला माणसं कमी पडली, म्हणून गोरेगावातून आमी चौघं गेलो.

तिच्या कमरेचा जुडगा भिकाबाईनं माझ्या हातात दिला. म्हणाली, "परवा अमावस्या हाय. माझ्यानं आता वाकवत न्हाई."

त्या अमावस्येला मी टेप घरी ठेवला आन तुराट्यांचा भारा घेऊन तांड्यावर गेलो. बेचाळीस पेटवल्या. मंग मोतीबाईचीबी पेटवली.