हात दुखायचा थांबला आणि मी घाबरले

मैत्रिणींनो, आज सकाळी माझा डावा हात दुखायचा थांबला आणि मी कधी नव्हे इतकी घाबरले.

नऊ वर्षांपासून मला संधिवात आहे. दुखणं फार वाढलं की मी लोकर आणि सुया घेऊन बसते. टाके मोजता मोजता थोडा वेळ दुखण्याचा विसर पडतो.

आजही मुलीच्या बाळासाठी टोपी विणत बसले होते. खण्णकन आवाज आला. सुई लादीवर पडली होती आणि ती हातातून सुटल्याचं मला कळलंच नव्हतं. बोटांना चिमटे काढून पाहिले, काहीच जाणवेना.

शेजारच्या फिलोमिना मावशींना हाक मारली. त्यांनी लगेच रिक्षा करून मला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "मनगटात नस दाबली गेलेली दिसतेय. तपासण्या करू. तोवर विणकाम बंद."

"किती दिवस?"

"आत्ता नाही सांगता येणार."

परतताना रिक्षात मी रडले. दुखण्याची सवय आहे हो, पण विणकामाशिवाय ते सोसायचं कसं?

मावशी म्हणाल्या, "तू नुसतं सांग, मी विणते. चुकले तर ओरड."

संध्याकाळी त्या खरंच आल्या. दोन ओळी विणल्या, त्यात चार टाके सुटले. "आता उलट टाका, मावशी," असं सांगताना अर्धा तास बरा गेला. त्या गेल्यापासून मी सारखी बोटं हलवून पाहतेय. हे सगळं एका हाताने लिहिलंय.

तुमच्यापैकी कुणाचा हात असा बधिर झाला होता का? परत विणता आलं? खरं काय ते सांगा, धीर द्यायला म्हणून खोटं नको.