आप्पांच्या विहिरी आणि दोन शहाणे

माझा नवरा धाराशिवच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो आणि धाकटा भाऊ पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. दोघंही हुशार आहेत असं लोक म्हणतात. लोकांनी त्यांना एका खोलीत बसलेलं बघितलेलं नाही.

नवरा लिनक्सवाला, भाऊ फ्रीबीएसडीवाला. कॉम्प्युटर चालू केला की त्याचा सगळा कारभार बघणारी जी मूळ प्रणाली असते, तिचे हे दोन प्रकार. दोन्ही फुकट मिळतात, दोन्ही एकाच जुन्या घराण्याच्या वळणावर गेलेले. बाहेरच्या माणसाला फरक कळतसुद्धा नाही, आणि बहुधा म्हणूनच यांना भांडायला एवढा जोर येतो.

दरवर्षी भाऊबीजेला भाऊ आमच्या गावी, तेरला येतो. ओवाळून होतं, करंजी हातात असते, तेवढ्यात पहिली ठिणगी पडते.

"दाजी, तुमचं लिनक्स म्हंजे दहा मिस्त्र्यांनी बांधल्यालं घर," भाऊ म्हणतो. "पाया एकाचा, भिंती दुसऱ्याच्या. आमच्याकडं पायापासून पत्र्यापर्यंत एकच हात."

"आन् त्या घरात वायफाय येतं का?" नवरा विचारतो. "का माळवदावर चढून हाका मारायच्या?"

मग परवान्यावर, म्हणजे सिस्टीम वापरायच्या अटींवर गाडी येते. नवऱ्याचं म्हणणं, लिनक्स कुणी बदलून वाटलं तर त्यानं बदलही सगळ्यांना दिले पाहिजेत, हेच खरं स्वातंत्र्य. भाऊ म्हणतो, अट घातली की कसलं आलंय स्वातंत्र्य? स्वातंत्र्यावर इतकं बोलणाऱ्या या दोघांपैकी एकानंही आजवर स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवलेलं मी पाहिलं नाही.

आमच्या घरी कॉम्प्युटर म्हणजे सासऱ्यांचा. आप्पा निवृत्त मास्तर. नवऱ्याच्या कॉलेजातून मोडीत निघालेलं मशीन त्यांनी ओसरीवर लावून घेतलं होतं आणि त्यावर ते शिवारातल्या विहिरींची हकीकत लिहीत होते. कोणती विहीर कुणी खोदली, कुणाच्या भांडणात बुजवली, कुठल्या विहिरीच्या गाळात जुने मणी आणि खापरं निघाली, असं सगळं. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन बसायचे, ऐकायचे आणि परत येऊन एका बोटानं टाइप करायचे. जोडाक्षर आलं की थांबून कळफलकाकडं असं बघायचे, जणू वर्गातलं पोरगं उत्तर चुकलंय.

गेल्याच्या गेल्या भाऊबीजेची गोष्ट. जेवणं झाली आणि आप्पा कुणाला तरी भेटायला नदीपलीकडं गेले. जाताना म्हणाले, "माझ्या विहिरी तेवढ्या सांभाळा रे."

ते वळले न वळले तोच भाऊ मशीनजवळ गेला. "लई रांगतंय हे, दाजी. आमचं टाकून दाखवतो. मग बोला."

"टाक की," नवरा म्हणाला. "वायफाय लागलं तर मिशी काढतो. आप्पांचं सगळं म्या सकाळीच पेन ड्राइव्हवर उतरून घेतलंय."

एवढी अक्कल दाखवली म्हणून मला क्षणभर बरंही वाटलं. मी आत जेवणाची भांडी आवरायला गेले. ओसरीवरून दोघांचा आवाज चढत चालला होता. विषय फाइली साठवण्याच्या पद्धतीवर आला होता. भावाच्या पद्धतीत म्हणे फाइल कधी हरवतच नाही, जुनी प्रत आपोआप मागे राहते. त्याच्या मधेच भाऊ म्हणाला, "दाजी, एक पेन ड्राइव्ह द्या. ह्याच्यावर सिस्टीम चढवून मशीनला लावतो." आणि तावातावानं उत्तर देता देता नवरा म्हणाला, "घे तो टेबलावरचा. पर मला एक सांग..."

घरात पेन ड्राइव्ह एकच होता.

फाइल कधीच न हरवणारी सिस्टीम मशीनवर चढली. वायफाय लागलं नाही. मराठी अक्षरं उमटली, पण वेलांट्या भलत्याच बाजूला जाऊन बसल्या. "तेवढं हुतंय दुरुस्त," भाऊ म्हणाला. त्यानं आप्पांचं लिखाण परत चढवायला पेन ड्राइव्ह उघडला, तर आत फक्त त्याचीच सिस्टीम, आणि ओसरी एकदम गप्प झाली. इतक्या वर्षांत मी ती शांतता पहिल्यांदा ऐकली, म्हणून हात पुसत बाहेर आले.

आप्पा आले तेव्हा त्यांच्या पिशवीत पेरू होते. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली.

"विहिरी कुठंयत?"

नवऱ्यानं समजावायला सुरुवात केली. पार्टिशन, फॉरमॅट, कसं ते पुसलं जातं. भाऊ मधे म्हणाला, आधीपासून आमची पद्धत असती तर जुनी प्रत राहिली असती. त्यावर नवरा उसळला, "तुझ्या पद्धतीपायीच झालं की हे!" आणि बापासमोर, त्या पुसलेल्या मशीनसमोर, दोघं पुन्हा सुरू झाले. चूक कुणाची यावर नव्हे. सिस्टीम कुणाची बरी यावर.

आप्पांनी थोडा वेळ ऐकलं. मग विचारलं, "हायेत का न्हाईत?"

"न्हाईत, आप्पा," नवरा म्हणाला.

"त्यातली निम्मी माणसं आता न्हाईत. परत कुणी सांगायचं?"

आप्पा उठून परसात गेले आणि हौदाच्या कडेला बसून राहिले. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी भावाला सांगितलं, "हे मशीन उचल आणि गाडीत टाक. इथं नको."

"ताई, माझं जरा ऐक, डेटा रिकव्हर..."

"उचल म्हणलं ना."

त्यानं ते पुण्याला नेऊन बराच खटाटोप केला. तीन-चार तुटकी पानं निघाली. त्याला ती मोठी कामगिरी वाटली.

मी शाळेत गणित शिकवते, माझा एक लॅपटॉप आहे. दोघा शहाण्यांना मी त्याला हात लावू दिला नाही. दिवाळीच्या सुट्टीत आणि पुढच्या कित्येक रविवारी आप्पा आणि मी पुन्हा घरोघर फिरलो. ते विचारायचे, मी टाइप करायची. जी माणसं उरली होती त्यांनी पुन्हा सांगितलं, काहींनी पहिल्यापेक्षा वेगळंच सांगितलं. जी नव्हती त्यांच्या विहिरींपुढं आप्पांना आठवेल तेवढं लिहिलं. काही ठिकाणी काहीच आठवलं नाही. तिथं आप्पांनी मला विहिरीचं नाव घालायला लावलं आणि खाली एवढंच, "सांगणारे वारले." मी म्हणाले, ही पानं गाळू या का? ते म्हणाले, "न्हाई. विहीर हाय ना तिथं."

यंदा धाराशिवच्या एका दुकानातून या लिखाणाच्या प्रती काढून बांधून आणल्या. भाऊबीजेला भावानं एक प्रत हातात घेतली, चाळली आणि विचारलं, "ताई, कशात टाइप केलंस?" मी सांगितलं. नवऱ्यानं नाक मुरडलं, भावानं कपाळावर आठी चढवली आणि पानांची मांडणी खरं तर कशात करायला हवी होती यावर दोघांची तिथंच जुंपली.

पहिल्या पानावर कुणाची विहीर आहे, हे दोघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. आप्पांनी भावाच्या हातातली प्रत काढून घेतली, चपला घातल्या आणि खालच्या आळीतल्या एका म्हातारीला तिच्या सासऱ्याची विहीर वाचून दाखवायला निघून गेले.